सायलीने न झाडलेली खोली

सकाळी या ग्रुपवर टाकलेला फोटो मी आता काढून टाकलाय. तो बघून हसलात ना, मग हे पण वाचा.

माझी मागची खोली दोन वर्षं सायली नि तिच्या नवऱ्याकडे भाड्याने होती. माणसं दोडामार्गची, तो मोपाला विमानतळावर कामाला. आज सकाळी टेम्पोत सामान भरून दोघं गेली. मी खोली उघडली तर जमिनीवर सगळा केर, जनेलावर, म्हणजे खिडकीत, कागदाचे तुकडे. मला गंमत सुचली. फोटो काढून खाली लिहिलं, "राणीसाहेब राजवाडा सोडून गेल्या, झाडू आमच्यासाठी ठेवली."

दुपारी तिचा फोन आला. "काकी, फोटो बघितला मी."

"गंमत गो ती."

"चतुर्थीला माझी आई येऊन गेली, तेव्हा तुम्हीच माझ्या हातातली झाडू काढून घेतलेली. माणूस गेल्यावर लगेच केर काढायचा नाही, ते परत येत नाही म्हणालात. मला तुमच्याकडे परत यायचं होतं, म्हणून सामान भरताना पडलेला केर तसाच ठेवला. मोरी कालच घासलीय."

मी जाऊन बघितलं. मोरी चकचकीत होती. तिचा फोटो मी काढलाच नव्हता.

सगळ्यांची फिरकी घेणारी मी, पण तिला परत फोन लावायला तोंड नाही. केराला आज हात लावलेला नाही.

तुम्हीच सांगा, ती येईल का आता?