पट्टी हाडाला टेकवा

बालरोग विभागातल्या आमच्या पट्टी मॅडमचा सगळ्यात जास्त राग ‘नॉर्मल’ या शब्दावर. संभाजीनगरातल्या आमच्या रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या केसपेपरवर ‘जननेंद्रिय: नॉर्मल’ असं ठोकून दिलेलं असे. लिहिणाऱ्याने बहुतेक वेळा बाळाचं दुपटंसुद्धा उघडलेलं नसे. मॅडम तो कागद आम्हा निवासी डॉक्टरांपुढे धरत आणि विचारत, "कुणाच्या तुलनेत नॉर्मल? शेजारच्या बाळाच्या?"

मॅडम मूळच्या खुलताबादच्या. शिकवत शुद्ध मराठीत, पण कुणी नुसतं बघून निदान सांगितलं की त्यांची दखनी उर्दू सुटे. "क्या रे, आँखाँ में फीता लगा को आया क्या?" वजन, उंची, डोक्याचा घेर मोजायला कुणाची ना नव्हती. लिंगाची लांबी मोजायची म्हटलं की मात्र आमचे भावी बालरोगतज्ज्ञ एकमेकांना कोपरं मारत. "हसू येतंय? बाहेर जा, हसून ये. बाळ थांबेल," असं मॅडम सांगत आणि खरोखर पट्टी धरून थांबत.

पुस्तकातले आकडे परदेशातल्या बाळांचे. आपल्याकडच्या बाळांत कुठवर काळजी नको आणि कुठून पुढे तपासण्या हव्यात, हे इथे कुणी बघितलंच नव्हतं. आईची परवानगी घेऊन, पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांची मापं मॅडम वर्षानुवर्षं घेत राहिल्या. लिंगाच्या बुडाशी असलेली चरबी पट्टीने हळूच दाबायची आणि आतल्या हाडापासून मोजायचं. "पट्टी हाडाला टेकवा," हे वाक्य आम्ही जेवतानाही ऐकलं आहे. बाकी विभागाला या कामाची थट्टाच सुचे. शिकलेल्या माणसांच्या थट्टेइतकं पाचकळ काही नसतं.

थट्टेखोरांत आमचे एक व्याख्याते आघाडीवर. टाय झकास, इंग्रजी त्याहून झकास. पिशोरहून आलेल्या बाईच्या गुटगुटीत बाळाला त्यांनी तपासलं. पट्टी नुसती कातडीवर ठेवली आणि आलेला तोकडा आकडा परदेशी तक्त्याशी ताडला. तो तक्ता हाडापासूनच्या मापांचा आहे, एवढंही त्यांनी वाचलं नव्हतं. वर भर वॉर्डात जाहीर केलं, की हे बाळ मुलगा म्हणून नीट वाढेल याची खात्री नाही.

संध्याकाळी बाळाची आजी मॅडमच्या दारात उभी. "बाई, नातू हाय का काय हाय, एकदा सांगून टाका. ह्याचा बाप म्हणायलाय, बायकोला माहेरीच ठिवतो. गावात लई बोलतेल लोकं." मागे भिंतीला टेकून बाळाची आई. तिचं रडून झालं होतं.

मॅडमनी हात चोळून गरम केले आणि बाळाला मोजलं. चरबी दाबल्यावर माप व्यवस्थित भरलं. मॅडमच्या आकड्यांत बसलं, त्या परदेशी तक्त्यातही बसलं. त्यांनी व्याख्यात्यांना बोलावून घेतलं.

"पेपरवर दुरुस्ती करतो ना मी," ते म्हणाले.

"त्या आजीला पेपर वाचता येतो का? तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत. चुकलो हेही सगळ्यांसमोर सांगा, बाळाच्या बापाला पुढे उभं करून."

"मॅडम, माझी काही इज्जत…"

"उसकी अम्मी की नहीं थी क्या?"

ते वॉर्डात गेले आणि ‘चुकलो’ असं पुटपुटले. मॅडमनी मोठ्याने बोलायला लावलं. बाप मान खाली घालून ऐकत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी बायको-बाळाला घेऊन पिशोरच्या गाडीत बसला. जाताना आजीने व्याख्यात्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. मला फार बरं वाटलं.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणांत त्यांच्या कामावर विनोद झाले आणि सभागृह खिदळलं. पुढे तेच व्याख्याते विभागप्रमुख झाले. अलीकडे एका बड्या हॉटेलातल्या परिषदेत ते आपल्याकडच्या बाळांच्या मापांवर बोलले. आकडे मॅडमचे, आलेख मॅडमचे, मॅडमचं नाव कुठेच नाही. टाळ्या भरपूर. मी तसाच बाहेर आलो आणि मॅडमना फोन लावला. त्या तेव्हा खूप आजारी होत्या.

"मॅडम, चोर आहे तो. तुमचं नावसुद्धा घेतलं नाही."

"पोरांना मोजायला कसं शिकवतो?"

"हाडापासूनच."

"मग राहू दे नाव. तू भांडू नकोस त्याच्याशी. बाळं नीट मोजली जाऊ देत."

त्याच हिवाळ्यात मॅडम गेल्या. भांडू नकोस, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. त्याला माफ कर, असं त्या म्हणाल्या नव्हत्या, आणि मी केलेलं नाही.