सोनुबाईचं विमान

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या घरी एका विमानाच्या शेपटीवर आकडे चिकटवत होतो. "भावोजी, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. मी "निघालोच" म्हणालो आणि तरी शेवटचा आकडा सरळ बसवूनच उठलो. माझा मित्र दत्ता गेला होता आणि मी आकडा बसवत होतो. असला माणूस आहे मी.

प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जुनी लढाऊ विमानं बनवायचा आम्हा दोघांना नाद. मी इतिहासाला धरून चालणारा. रंगाची छटा चुकली तरी मला जेवण जात नाही. दत्ताला मात्र 'असं झालं असतं तर' याचंच वेड. तो मूळचा ठाण्याच्या खाडीकाठच्या कोलशेतचा, लग्नानंतर डोंबिवलीला गेलेला. त्याची आई सोनुबाई डोक्यावर पाटी घेऊन शहरातल्या टेंभी नाक्यापर्यंत मासळी विकायला चालत जायची. दोन वर्षांपूर्वी दत्ताने दुसऱ्या महायुद्धातलं एक विमान घेतलं, चाकांच्या जागी खाडीत उतरायला दोन इवल्या होड्या लावल्या आणि पंखांखाली बॉम्बऐवजी नखाएवढ्या विणलेल्या टोपल्या टांगल्या. नाकाजवळ बारीक ब्रशने पांढऱ्या रंगात नाव लिहिलं, सोनुबाई. "लढाई संपल्यावर एक विमान आयला दिलं असतं ना, तर मान तरी वाचली असती रे तिची," तो म्हणालेला. मी हसलो होतो. त्या हसण्यात कीव होती, हे आज कबूल करतो.

त्याच वर्षी ठाण्यात आमच्या ग्रुपचं प्रदर्शन होतं. दत्ताची पाठ धरलेली, म्हणून विमान त्याने आदल्या आठवड्यात माझ्याकडे आणून ठेवलं. बाहेरगावची जाणकार मंडळी येणार, त्यांच्यासमोर हसं नको, म्हणून मी टोपल्या काढल्या, होड्या काढून चाकं बसवली, नावावर हिरवा रंग मारला आणि वर अचूक आकडे लावले. त्याला न विचारता! वर आपण मित्राची अब्रू राखली, असंही वाटत होतं. दत्ता आला. चष्मा पुसून त्याने नाकाजवळचा हिरवा रंग बघितला. "आता खरं दिसतंय रे," म्हणाला. "राहू दे तुझ्याकडेच." त्यानंतर त्याने एकही विमान बनवलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "भावोजी, सासूबाईंचं विमान आणून द्याल? यांच्या फोटोशेजारी ठेवते. हे सांगायचे, तुम्ही जपून ठेवलंय, टोपल्यांसकट."

टोपल्यांसकट... घरी त्याने माझी चहाडी केली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घरी येऊन थिनरचा बोळा फिरवला. हिरवा रंग सुटला, आणि त्याच्यासोबत खालचा पांढराही. दोन्ही रंग एकाच थिनरने निघतात, हे उभा जन्म रंगकामात घालवलेल्या मला आठवू नये? 'सो' गेला तेव्हा हात थांबला. तो मला पुन्हा लिहिता येईल, दत्तापेक्षा सुबकच येईल. म्हणूनच लिहिणार नाही.

येत्या रविवारी विमान घेऊन डोंबिवलीला जातोय. वहिनींनी हे छापलेलं वाचण्याआधी मला ते तोंडाने सांगायचंय. होड्या पुन्हा बसवल्यात. टोपल्या सुट्या भागांच्या डबीत सापडल्या. एकीत चांदीच्या कागदाचे चार बोंबील आहेत, डोळ्यांसकट. मी इतका बारकाईचा माणूस, पण ती टोपली उपटताना मी आत बघितलंसुद्धा नव्हतं.