दोर मेहुण्याच्या हातात

घोडपदेवच्या चाळीत बुधाजीला सगळे पाणबुड्या म्हणूनच ओळखत. गोदीच्या काळ्या पाण्यात उतरून बोटींच्या पंख्यात अडकलेले दोर कापायचे, हे त्याचं काम. डॉक्टरने छाती आणि कान तपासून परवाना दिला होता. पण खाली उतरल्यावर जीव असतो तो वर दोर धरणाऱ्याच्या हातात, आणि मालवणकडच्या या पाणबुड्यांत तो हात बायकोच्या भावाचाच लागे. बहिणीचं कुंकू राखायचं म्हटल्यावर तो हयगय कशी करील?

त्या सकाळी मेहुणा वसंत कोठडीतून सुटून थेट धक्क्यावर आला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्याला पकडलं होतं. दाटीत बसायलाही जागा मिळाली नव्हती, मग झोप कुठली?

हवेचा पंप फिरवणारा कुशाबा म्हणाला, "आज ह्याला पंपावर घ्या, हात हलता राहिला की झोप येत न्हाई. दोर मी धरतो. डोळं बगा की त्याचं."

"आमच्यात परक्याकडे दोर देत नाहीत रे," बुधाजी हसून म्हणाला, आणि तांब्याचा टोप डोक्यावर चढला.

खाली हाताला हात दिसत नव्हता. पंख्यातला दोर कापून झाला आणि मागे वळताना त्याचा जड बूट कुठल्याशा साखळीत अडकला. त्याने वर खेचून घेण्याची खूण केली, तीन हिसके. दोर ढिलाच राहिला. पुन्हा तीन. काही नाही. कानात पंपाची धडधड मात्र चालू होती. म्हणजे कुशाबा वर होता, हवा येत होती, आणि दोर मेलेला होता. ओरडून उपयोग नव्हता. टोपातला आवाज त्याच्याच कानांवर आदळला असता.

मग टोपाच्या मानेजवळची हवेची चावी फिरवून त्याने स्वतःची हवा बंद केली. पंप जड लागला तर कुशाबाला कळेल, एवढीच आशा. टोपाची काच धुकट झाली, छाती कोंडली. बायको, कांता, डोळ्यांसमोर आली.

दोर ताठ झाला.

बूट साखळीतून सुटला. वर आणल्यावर कळलं, पंप जड लागला तशी कुशाबाने लाथ घातली, तेव्हा वसंत जागा झाला होता.

संध्याकाळी कांताने दोघांना वाढलं. "वसंतो सुटलो, आता माका घोर नाय."

बुधाजीने भात कालवला. पाण्याखाली वाटलं नव्हतं इतकं पुढचं बोलणं त्याला अवघड वाटलं. "उद्यापासून दोर कुशाबा धरतलो."

"कुशाबा? तो कोण लागता आपलो?"

"तो जागो रवता."

कांता भावाकडे वळली. वसंतने मान वर केली नाही. "भावोजी बरोबर बोलतत, अक्का."

कांताच्या हातातला डाव तसाच राहिला. मग तिने भावाच्या ताटात भात वाढला. "जेव आधी. मगे नीज."

बुधाजीचा हात मात्र जेवतानाही पुन्हापुन्हा मानेकडे जात होता, चावी उघडी आहे ना ते बघायला.