कडावची म्हैस

आमच्या कर्जतच्या घरी वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलण्याची रीत नव्हती. आई तर दिवसभर मुकीच असे. तिची वाचा फुटे ती पहाटे, गोठ्यात. लढाईच्या त्या दिवसांत रॉकेल मिळत नसे. त्या काळोखात ओल्या पेंढ्याचा वास, चरवीत पडणारी धार आणि आईचे बोलणे एकमेकांत मिसळून जाई. म्हैस कडावची, आईच्या माहेरची. आई बोलल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे.

त्याच वेळी वडील कुडापलीकडे करंजाची काडी चघळत उभे राहत. एवढे दात माणसाला असतात तरी किती, असे मला वाटे.

त्या उन्हाळ्यात कडावला मावशीचे लग्न निघाले. आजी म्हणाली, "पापड कोण लाटणार? नाही जायचं." दुसऱ्या दिवशी आई गोठ्यातही बोलली नाही. चरवी कोरडी राहिली. कुडापलीकडे काडी चघळण्याचा आवाजही थांबला.

तिसऱ्या दिवशी आजी स्वतः धार काढायला बसली आणि शेण झाडीत उठली. तेव्हा वडील गंभीरपणे म्हणाले, "आई, म्हशीला घराची ओढ लागलेली दिसते. चार दिवस कडावला नेऊन आणतो."

"म्हैस माहेरपणाला! खणनारळ देऊ का रे तिला?"

"धार काढायला हिला न्यावं लागेल. म्हैस माझ्याशी थोडीच बोलणार!"

आजीने चुलीकडे तोंड करून बसलेल्या आईच्या पाठीकडे पाहिले. "जा बाई दोघी. पण अक्षता पडल्या की पान्हा फुटला पाहिजे, सांगून ठेवते."

कडावच्या वाटेवर आम्ही तिघेच होतो. आता ही दोघे मोकळेपणी बोलतील म्हणून मी कान टवकारून मागून चालले होते. म्हशीच्या एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला वडील. बराच वेळ नुसती घुंगुरमाळ बोलत राहिली. मग वडील खाकरले आणि म्हशीला म्हणाले, "विचार गं तिला, ऊन लागतंय का?"

आईने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "त्यांना म्हणावं, ऊन नाही लागत. पण आज दात घासायचे राहिले वाटतं?"

वडिलांचे कान लाल झाले. त्यांनी वाटेवरच्या करंजाची काडी मोडली आणि निमूटपणे तोंडात धरली. मग आई बोलू लागली, ती थेट वेशीपर्यंत.