ताप मोजणारा

दुकानात घड्याळं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी तळघरातल्या खोलीत टेबल टेनिस खेळायचं, एवढंच घड्याळजीचं आयुष्य. साथीत ती खोली चार महिने बंद राहिली, तेव्हा माणूस पार कावला. ती उघडली, तसा नियम करायलाही हाच पुढे! घामेजलेला हात टेबलाला पुसायचा नाही, चेंडू ज्याचा त्याने खूण करून आणायचा, दारात ताप मोजल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. ताप मोजायची बंदूक अर्थातच याच्या हातात. मिरवायला आणखी काय लागतं?

इस्पितळातला एक नर्स तिथे खेळायला यायचा, सगळे त्याला ब्रदर म्हणत. त्याने घड्याळजीला ओळीने सात सामन्यांत हरवलं होतं, खरं दुखणं तेच. एके दिवशी ब्रदरने जुन्या सवयीने तळहात टेबलाला पुसला. झालं! घड्याळजीने त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं.

"दिवसभर आजाऱ्यांत वावरतोस आणि इथे हात पुसतोस? उद्यापासून यायचं नाही."

"दादा, माझी दर आठवड्याला तपासणी होते. तुमची कधी झाली?" ब्रदरने विचारलं. बाकीचे खाली मान घालून उभे. तो बॅट उचलून निघून गेला.

पुढच्या सोमवारी घड्याळजीचं अंग कसकसलं. पण जोडीचा सामना होता आणि तो नसता तर चौथा गडी कुठून आणायचा? त्याने तापाची गोळी घेतली, अंग गार झालं आणि स्वारी बंदूक घेऊन ऐटीत दारात उभी राहिली. चार-पाच दिवसांत त्याचे जोडीदार, निवृत्त मास्तर, इस्पितळात! खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच गिल्ला झाला, ब्रदरच जाता जाता टेबलावर आजार ठेवून गेला म्हणे. घड्याळजीला सगळं ठाऊक होतं, तरी मेल्याने त्यावर पसंतीचा अंगठा टाकला.

दोन दिवस घास गोड लागेना. शेवटी त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"मग मला काय सांगताय? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा," ती म्हणाली.

त्याने ग्रुपवर जसं घडलं तसं लिहिलं. आता शिव्या पडणार म्हणून जीव मुठीत धरून बसला. उत्तरं आली, "होतं असं", "काळजी घ्या", "कबूल करायला मोठं मन लागतं". ब्रदरबद्दल एक अक्षर नाही. शिव्या परवडल्या असत्या, ही माफी मात्र त्याला सोसवेना.

लाजेने काळवंडून त्याने ब्रदरला फोन लावला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

"मास्तर माझ्याच वॉर्डात आहेत," ब्रदर म्हणाला. "रोज एकच विचारतात, आपल्यामुळे जोडीदाराला तर काही झालं नाही ना? आता तुम्हीच सांगा त्यांना. फोन त्यांच्या कानाला लावतो."

"अरे, नको, थांब—"

तेवढ्यात मास्तरांचा दमलेला आवाज आला. "जोडीदार, तू बरा आहेस ना रे?"