पाचव्या ‘का’चं उत्तर

कामावर तुम्ही अगदी अलीकडे जी स्लाइड केलीत, ती ज्या माणसाविषयी होती, त्याला तुम्ही ती वाचून दाखवली होती का?

मी दाखवत नव्हते. मी दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात आहे. तिथे गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग तयार होतात आणि मी स्लाइड तयार करते. नव्या कामगारांसाठी, साहेबांसाठी, माल घेणाऱ्या कंपनीकडून तपासणीला येणाऱ्यांसाठी.

खरं तर मला हे आधीपासून कळायला हवं होतं. माझे वडील नगरपालिकेत कारकून होते आणि सफाई कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या खाटेखाली चपलांपेक्षा पत्रकं जास्त असत. पाढे पाठ होण्याआधी मला पत्रकाची घडी घालता येत होती. पत्रक झेरॉक्सला जाण्याआधी ज्याचा प्रश्न असेल त्याला घरी बोलावून ते वाचून दाखवायचं, हा बाबांचा नेम होता. एकदा झाडूकाम करणाऱ्या एका बाईंनी वाचन मधेच थांबवलं. “भाऊ, विधवा काय लिहिता? मेला नाही तो. पळून गेलाय.” आई हसू लपवायला आत गेली. बाबांनी निमूटपणे शब्द खोडला.

एवढं डोळ्यांसमोर बघत वाढूनही कारखान्यातलं माझं पहिलं सादरीकरण फसलं, ते वेगळ्या कारणाने. मला कागद दोन्ही बाजूंनी भरायची सवय होती. मी प्रत्येक स्लाइड वरपासून खालपर्यंत भरली आणि महत्त्वाचं ते लाल केलं. जवळजवळ सगळंच लाल झालं. कारखान्याचे प्रमुख चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “मॅडम, ये स्लाइड है या अखबार? अखबार है तो सुबह चाय के साथ भिजवा दिया कीजिए.” सगळे हसले.

मग मी शिकले. एका स्लाइडवर एकच गोष्ट. मथळा असा की तो वाचून पुढचं नाही वाचलं तरी चालेल. अक्षरं शेवटच्या खुर्चीतून दिसतील एवढी. पडद्याकडे तोंड करून वाचत बसायचं नाही. आपलाच लॅपटॉप न्यायचा, कारण हॉलमधल्या कॉम्प्युटरवर देवनागरीचे चौकोन होतात. वर्षभरात माझ्या स्लाइडची तारीफ व्हायला लागली. “छोटा और साफ,” असं प्रमुख म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

नंतर सात नंबरच्या प्रेसवर अपघात झाला. पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या त्या यंत्रात एका ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो बिहारमधल्या पूर्णियाकडचा, तिशीतला, ठेकेदाराकडून आलेला. सात आठवड्यांनी परतला तेव्हा त्याला स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला बसवलं होतं. महिनाअखेरीस त्याचा गेटपास, म्हणजे कारखान्यात कामाला यायची परवानगी, संपणार होता. अपघाताच्या अहवालात त्याची चूक निघाली तर पास पुन्हा मिळणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. लिहिलेलं कुठेच नव्हतं.

तो अहवाल मला तपासणीसांसमोर मांडायचा होता. आमच्याकडे त्याची पद्धत ठरलेली आहे. पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचवं उत्तर म्हणजे मूळ कारण. बोटं का गेली? हात साच्याखाली होता. का होता? अडकलेला तुकडा काढत होता. प्रेस बंद न करता का काढला? नियम पाळला नाही. का पाळला नाही? लक्ष नव्हतं. का नव्हतं? ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: पुन्हा प्रशिक्षण.

शेवटच्या दोन ओळी मी जुन्या फाइलमधून उचलल्या होत्या. जुन्या फाइलही माझ्याच होत्या. त्याआधी चार अपघातांत मी हेच उत्तर लिहिलं होतं. दोन शब्दांत मावतं, अक्षर मोठं ठेवता येतं, आणि खोलीतलं कुणीच हरकत घेत नाही.

तपासणीच्या दोन दिवस आधी मी रिकाम्या हॉलमध्ये सराव करत होते. तो हातमोज्यांचा खोका घेऊन आला. मी म्हटलं, जरा शेवटच्या खुर्चीत बसा आणि दिसतंय का सांगा. तो खोका मांडीवर घेऊन बसला.

“दिखता तो सब है, दीदी. अंग्रेजी है.”

“अक्षर बड़े हैं न?”

“बहुत बड़े. मेरा क्या लिखा है इसमें?”

मी पहिल्या ‘का’पासून सुरुवात केली. त्याने मान हलवली. “वो तो मुझे मालूम है. आखिरी वाला सुनाइए.”

“ऑपरेटर की लापरवाही.”

रिकाम्या हॉलमध्ये ते शब्द मला नको इतके स्पष्ट ऐकू आले. तो चिडला नाही. खोका खाली ठेवून त्याने विचारलं, “सेंसर बंद था, वो कौन से नंबर पर है?”

“कौन सा सेंसर?”

त्याने डाव्या हाताने हवेत चौकट काढून दाखवली. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचे किरण असतात. त्यांच्यामधून हात गेला की यंत्र आपोआप थांबतं. सात नंबरचा सेन्सर विनाकारण प्रेस थांबवायचा आणि माल कमी निघायचा, म्हणून कुणीतरी तो बंद करून ठेवला होता.

“आपने किसी को बताया नहीं?”

“रजिस्टर में लिखा है, दीदी. तीन बार.”

पाळीचं रजिस्टर प्रेसच्या बाजूलाच असतं. मी ते कधी उघडलं नव्हतं. माझ्याकडे अपघात छापील फॉर्मवरून येत. दुपारी जाऊन बघितलं. मोठं, उजवीकडे झुकलेलं हिंदी अक्षर. एकाच पानावर तीन वेळा: प्रेस सात, सेंसर बंद है. प्रत्येक नोंदीखाली सुपरवायझरची सही आणि एक शब्द, ‘देखा’. मी फोनवर फोटो काढला.

कंपनीच्या बसमध्ये बसून मी अकरा ओळींची नवी स्लाइड लिहिली. तिच्यात ‘गुन्हेगार’ हा शब्द दोनदा होता. घरी पोचून बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“वाच,” ते म्हणाले. मी वाचली.

“झालं तुझं भाषण?”

“बाबा!”

“अगं, जोरदार आहे की. तुझ्या वयात मी हेच लिहिलं असतं आणि सभेत टाळ्या घेतल्या असत्या. पण तो माणूस कुठे आहे यात?”

“त्याच्याबद्दलच तर आहे सगळं. मग काय लिहू?”

“त्याने लिहिलंय ना स्वतः? मग तू कशाला लिहितेस?”

मला राग आला. फोन ठेवल्यावर मी अकराच्या अकरा ओळी पुसल्या.

स्लाइडवर रजिस्टरच्या पानाचा फोटो लावला, पडदाभर. वर एकच वाक्य, हिंदीत आणि इंग्रजीत: सेन्सर बंद असल्याची नोंद तीन वेळा झाली होती. पाचव्या ‘का’पुढची जागा कोरी ठेवली. दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये जाऊन त्याला हे वाचून दाखवलं आणि तपासणीत लावू का, असं विचारलं. अडचणीत तोच येणार होता.

त्याने बराच वेळ फोटोकडे बघितलं. “नाम मत डालिए. जिसको लिखाई पहचाननी है, पहचान लेगा.” मग म्हणाला, “चौथी बार मुँह से भी बोला था. पर वो लिखा नहीं है. उसको मत जोड़िए.”

मी जोडलं नाही. माझ्या अकरा ओळींत इतका काटेकोरपणा नव्हता.

तपासणीच्या दिवशी ती स्लाइड पडद्यावर आली आणि मी गप्प राहिले. माझ्याकडे एक तयार वाक्य होतं, ते गिळलं. खोलीतले लोक वाचत होते. तिसऱ्या नोंदीपर्यंत पोचायला वेळ लागतो.

“ये कहाँ से आया?” प्रमुखांनी विचारलं.

“अपने ही रजिस्टर से, सर.”

“पहले मुझे दिखाना था.”

“जी सर.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आधी दाखवलं असतं तर स्लाइड राहिली नसती, माझंही बरोबर होतं.

तपासणीस पेन खाली ठेवून म्हणाल्या, “पाँचवाँ तो खाली है. वो रजिस्टर मँगवाइए, यहीं बैठकर भरते हैं.” पुढे चाळीस मिनिटं देखभाल विभाग आणि उत्पादन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. ऑपरेटरचं नाव कुणी घेतलं नाही.

अंतिम अहवालात मी लावलेला रजिस्टरचा फोटो नव्हता. पाचव्या उत्तरात लिहिलं होतं, ‘बिघाडाच्या नोंदीवर वेळेत कार्यवाही झाली नाही.’ कुणी केली नाही, ते नव्हतं. सेन्सर बदलला गेला. त्या ऑपरेटरचा गेटपास पुढे सुरू राहिला. आता तो तपासणी विभागात तयार भागांची मापं घेतो, डाव्या हाताने. मला लेखी सूचना मिळाली की स्लाइड एक दिवस आधी वरिष्ठांना दाखवाव्यात. मी दाखवते. आणि त्यांच्याही आधी, ज्याच्याविषयी असेल त्याला.

त्या चार जुन्या फाइल मी पुन्हा उघडल्या. चौघांपैकी एकही आता कारखान्यात नाही. दोघांचे नंबर मिळाले, लागत नाहीत. त्यांच्या वेळच्या रजिस्टरमध्ये काय होतं, मला माहीत नाही. ती रजिस्टरं रद्दीत गेली.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या पुढच्या सादरीकरणात एखाद्या माणसावर ओळ असेल, तर ती मांडण्याआधी त्याला बोलवा. शेवटच्या खुर्चीत बसवा. ती ओळ त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐका. मग ती खोडायची की ठेवायची, ते त्याच्यासमोर ठरवा.