धबधब्याजवळचा माझा कठडा

अकरा पायऱ्या, बाणाच्या चार पाट्या आणि धबधब्याजवळचा बांबूचा कठडा. तिगावजवळच्या जंगलातल्या फेरीच्या वाटेवर हे सगळं मी स्वतःच्या हातानं केलं, कोणाकडे न शिकता.

आज सकाळी बायकोला पळस आणि रानफुलं दाखवायला नेलं. फोटोसाठी ती कठड्याला टेकली आणि बांबू कडकन तुटला. मी तिचा दंड पकडला. खाली वीस हात खोल खडक.

"मोबाईल फेका जी, मले धरा!"

"धरून राहिलो ना!"

वर ओढलं आणि तुटलेला बांबू हातात घेऊन पाहिला. ते बांबू संत्र्याच्या झाडांना लावलेले जुने टेके होते. वरून टणक, आतून भुसा. एकही चिरून पाहिला नव्हता.

उद्या मी कठडा काढतो. तोवर कोणीही टेकू नका.

दुपारी सौसरहून एका रिसॉर्टवाल्याचा फोन आला. मागं फिरायला आलो तेव्हा तुमचा कठडा पाहिला, अस्साच पाहिजे, चाळीस हजार देतो म्हणाला. मी नाही म्हटलं.